निरंक

सरकारी रुग्णालयाच्या कुठल्याही वॉर्डात सिस्टरांच्या टेबलामागे रजिस्टरांची रांग असते. दाखल रुग्णांचं, डिस्चार्जचं, मृत्यूंचं, रेफर केलेल्यांचं, ऑक्सिजन सिलिंडरचं, चादरींचं. रुग्णालयाच्या गुणवत्तेच्या मूल्यमापनाला गेले की या रांगेतली एक बारीकशी वही मी आधी मागून घेते. सुई टोचल्याच्या घटनांची नोंदवही. बहुतेक ठिकाणी तिच्यात महिन्यांची नावं ओळीनं लिहिलेली असतात आणि प्रत्येक महिन्यासमोर एकच शब्द असतो, ‘निरंक’, म्हणजे एकही घटना नाही. शेजारी इन्चार्ज सिस्टरची सही.

दोनशे खाटांच्या रुग्णालयात दिवसभरात किती सुया हाताळल्या जातात, हे ज्यानं एकदा तरी सकाळची इंजेक्शनं दिली आहेत त्याला सांगावं लागत नाही. सलाईन लावायचं, रक्त काढायचं, टाके घालायचे, शुगर तपासायची, आणि मग हे सगळं कचरा होऊन मावशींच्या हातातून खाली जायचं. रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डामागे दोन सिस्टर, कधी एकच. अशा ठिकाणी वर्षभर कुणाच्याच बोटात सुई गेली नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. गुणवत्ता विभागात येण्याआधी मी वॉर्डातच होते, त्यामुळे तर बसतच नाही.

रुग्णालय चांगलं आहे की नाही हे मोजायचं कसं, हा माझ्या कामाचा विषय. सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं आहेत. आम्ही सगळे त्यांना ‘एनक्वास’ म्हणतो. त्यांचे आठ भाग आहेत: सेवा कोणत्या मिळतात, रुग्णाचे हक्क, साधनसामग्री आणि मनुष्यबळ, साहाय्यक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्ग नियंत्रण, गुणवत्तेची व्यवस्था, आणि शेवटी परिणाम. प्रत्येक विभागाची स्वतंत्र चेकलिस्ट असते. एकेका मुद्द्याला २, १ किंवा ० गुण. पूर्ण असेल तर दोन, अर्धवट असेल तर एक. गुण द्यायचे तेही मनानं नाही. डोळ्यांनी पाहायचं, कर्मचाऱ्यांना विचारायचं, नोंदी तपासायच्या आणि रुग्णाशी बोलायचं, असे चार मार्ग ठरवून दिलेले आहेत. प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के लागतात, इतरही काही अटी असतात, आणि ते तीन वर्षं टिकतं.

या सगळ्याच्या मुळाशी अवेडिस डोनाबेडियन यांची १९६६ सालची मांडणी आहे. बैरूतमध्ये जन्मलेले हे डॉक्टर पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवत. त्यांनी सांगितलं की उपचारांचा दर्जा तीन ठिकाणी पाहता येतो: हाताशी साधनं काय आहेत, काम कोणत्या रीतीनं होतं आणि रुग्णाचं शेवटी काय झालं. आज जगातली बहुतेक सगळी आरोग्य-मानकं याच तीन खणांत बसतात. खाट आहे का, खाटेवरच्या बाईची नाडी वेळेवर पाहिली का, ती बरी होऊन घरी गेली का.

या मानकांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून आधी तेच सांगते. प्रसूतिगृहात दोन टेबलांच्या मध्ये पडदा आला. त्याआधी बाया एकमेकींसमोर उघड्या पडून बाळंत होत होत्या आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बाळाला ऊब देणारा वॉर्मर बंद असेल तर तो का बंद आहे हे विचारणारं कुणीतरी आलं. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी पांढरा डबा, काचेसाठी निळा, हे सफाई कामगारांना तोंडपाठ झालं. सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठीची ‘कायाकल्प’ योजना २०१५ साली सुरू झाली तेव्हा ग्रामीण रुग्णालयांत स्वच्छतागृहांवरून चुरस लागलेली मी पाहिली. एका अधीक्षकांनी स्वतःच्या खिशातून नळ बदलले होते. हे छोटं नाही. सरकारी दवाखान्याच्या पायरीशिवाय ज्यांना दुसरी कुठलीच पायरी नसते, अशा लोकांसाठी हे फार मोठं आहे.

पण चेकलिस्टमधला गुण द्यायचा तर आधी कुणीतरी खरं लिहिलेलं असावं लागतं. तिथे सगळं अडतं.

एका रुग्णालयात कचरा ठेवायच्या खोलीपाशी मी एका मावशींशी बोलत होते. कंत्राटी कामगार, गावातच राहणाऱ्या. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती. काय झालं विचारलं तर आधी म्हणाल्या, विळीवर कापलं. थोड्या वेळानं आपणहून म्हणाल्या, “ताई, पिवळ्या पिशवीत सुई होती. पिशवी बांधताना गेली.” कधी, तर चार दिवसांपूर्वी. सांगितलं का नाही? “सांगितलं की आधी विचारतात, ग्लोव्हज का नव्हते घातले. ग्लोव्हज दोन महिन्यांपासून फाटकेच येतात. मग मुकादम म्हणतो उद्यापासून येऊ नको.”

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून सुई टोचल्यावर जी औषधं देतात, ती शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. पुढे २८ दिवस घ्यायची. मावशींचे ७२ तास केव्हाच उलटले होते. सुई कुठल्या रुग्णाची होती हे कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या तपासण्या पुढे महिनोन्‌महिने चालल्या आणि सुदैवानं सगळ्या व्यवस्थित आल्या. त्या दिवशी मी वॉर्डात परत येऊन नोंदवही उघडली तेव्हा चालू महिन्यासमोरही ‘निरंक’ लिहून सही झालेली होती. महिना संपायला अजून अकरा दिवस होते.

ज्या सिस्टरनं ते लिहिलं तिच्यावर माझा राग नाही. तिला ठाऊक होतं की तिथे ‘१’ लिहिलं तर चौकशी तिच्यापासून सुरू होणार. सुई पिवळ्या पिशवीत गेलीच कशी, तुझ्या पाळीत गेली का, सुई कापायचा हब कटर का वापरला नाही. फाटके ग्लोव्हज पुरवणाऱ्यापर्यंत ती चौकशी कधीच पोचणार नव्हती. वर्षानुवर्षं हे पाहिलेलं माणूस ‘निरंक’ लिहितं. तेच शहाणपणाचं असतं.

बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांची गोष्ट मला यासाठीच फार जवळची वाटते. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ते सर्जन होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक रुग्णाचं शस्त्रक्रियेनंतर काय झालं हे पुरेसा काळ मागे लागून पाहा. बरा झाला नसेल तर का नाही, ते लिहा. लिहिलेलं सगळ्यांना दाखवा. सहकाऱ्यांना ते पटलं नाही. म्हणून १९११ साली त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९१६ पर्यंतचा हिशेब छापून प्रसिद्ध केला. ३३७ रुग्ण, १२३ चुका. कुठे कौशल्य कमी पडलं, कुठे निर्णय चुकला, कुठे निदान चुकलं, कुठे काळजी किंवा साधनं अपुरी पडली, असं वर्गीकरण करून. स्वतःच्या चुकाही त्यात होत्या. १९१५ साली बॉस्टनच्या डॉक्टरांच्या सभेत त्यांनी एक व्यंगचित्र दाखवलं होतं, वाळूत डोकं खुपसलेल्या शहामृगाचं. त्यावरून असा गदारोळ झाला की त्यांची पदं गेली. पुढे त्यांचं रुग्णालयही बंद पडलं. १९४० साली ते वारले तेव्हा त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो २०१४ साली बसवला गेला.

मुंबई-पुण्यातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांच्या दारात ‘जेसीआय’ (जॉइंट कमिशन इंटरनॅशनल) या रुग्णालयांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थेचं सोनेरी चिन्ह लावलेलं असतं. त्या संस्थेची वंशावळ मागे नेली की आपण कॉडमनपर्यंत पोचतो. त्यांच्याच कल्पनेतून अमेरिकन सर्जनांच्या संघटनेनं रुग्णालयांचे किमान निकष ठरवायला घेतले आणि त्यातूनच पुढे प्रमाणपत्र देणारी ही व्यवस्था उभी राहिली. पण त्यांची मूळ मागणी, चुका मोजा आणि जाहीर करा, ही मात्र वाटेत कुठेतरी मागे पडली. निकष आले, चिन्हं आली. १२३ छापणारं रुग्णालय मला अजून भेटायचं आहे.

याची दुसरी बाजू ऑपरेशन थिएटरमध्ये दिसते. जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी एक चेकलिस्ट तयार केली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी थांबून, मोठ्यानं वाचून खात्री करायची. नाव बरोबर आहे का, बाजू बरोबर आहे का, गॉज मोजले का. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात एक आपल्या दिल्लीतलं होतं. निकाल २००९ च्या जानेवारीत आले. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर. जगभर ती सक्तीची होत गेली. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सगळ्या रुग्णालयांना ती लागू केल्यावर १०१ रुग्णालयांचा अभ्यास झाला. २०१४ साली तो छापून आला तेव्हा मृत्यूंत म्हणावा असा फरकच दिसला नाही. चेकलिस्ट वापरली जाते असं मात्र जवळपास प्रत्येक रुग्णालय कळवत होतं.

यावर तज्ज्ञांचे वाद झाले, अजून होतात. मी थिएटरमध्ये उभी राहून जे पाहते त्यावरून माझं मत झालं आहे. जिथे सिस्टर ‘थांबा’ म्हणाली की सर्जन हात थांबवतात, तिथे तो कागद जीव वाचवतो. जिथे केस संपल्यावर एकत्र बसून पाच केसपेपरांवर खुणा केल्या जातात, तिथे तो फक्त कागद राहतो. आणि गुणांच्या तक्त्यात दोघांनाही २ मिळू शकतात.

लसींच्या फ्रिजचंही तेच. लसी २ ते ८ अंशांत राहायला हव्यात आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं असतं. एका ठिकाणी सबंध तीन महिने दोन्ही वेळा ४ लिहिलेलं होतं. एकाच शाईत. त्यातल्या एका आठवड्यात वादळामुळे तालुक्यात दोन दिवस वीज नव्हती, आणि जनरेटरच्या लॉगबुकात डिझेल संपल्याची नोंद होती. मी फार्मासिस्टना दोन्ही वह्या शेजारी ठेवून दाखवल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मॅडम, नऊ लिहिलं असतं तर लस फेकायचा प्रस्ताव पाठवावा लागला असता. मग वसुली निघते.” लस वाया गेल्याची रक्कम पगारातून कापली जाईल ही भीती. त्या लसी कुणाच्या बाळाला दिल्या गेल्या असतील, हा विचार माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

आकडे चांगले असले की रुग्णालय चांगलं, हा समज किती महागात पडतो ते इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या रुग्णालयात दिसलं. अपघात विभागातल्या रुग्णाला चार तासांत तपासून दाखल करायचं किंवा घरी पाठवायचं असं उद्दिष्ट होतं, खर्च आटोक्यात ठेवायचा होता, आणि या धावपळीत वॉर्डांतली माणसं तहानलेली, अस्वच्छ अंथरुणात पडून राहत होती. याच काळात, २००८ साली, त्या संस्थेला उत्तम कारभाराबद्दल मिळणारा ‘फाउंडेशन ट्रस्ट’चा दर्जा मिळाला. तिथल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून चौकशी झाली आणि २०१३ साली तिचा मोठा अहवाल आला.

मृत्यूच्या आकड्यापाशी मी सगळ्यात जास्त अडखळते. परिणाम मोजायचा तर मृत्यूदर हाच सरळ आकडा वाटतो. पण आपल्याकडे तो कमी ठेवायचा सोपा रस्ता आहे, तो म्हणजे ‘रेफर’. ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा, तिथून सिव्हिल, सिव्हिलमधून मेडिकल कॉलेज. प्रत्येक टप्प्यावर केसपेपरवर चार ओळी, आणि १०८ ची गाडी. अनेकदा ते रेफर करणं अगदी योग्य असतं. भूलतज्ज्ञच नसेल तर करणार काय. पण हिशेब असा होतो की जिथून बाई अत्यवस्थ होऊन निघाली त्या रुग्णालयाचं मृत्यूचं रजिस्टर स्वच्छ राहतं आणि जिथे ती पोचून तासाभरात गेली तिथे एक ओळ वाढते. नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी देशभर गेली. त्यातली १२ नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा होता का, माणसं कमी होती का, हे प्रश्न विचारायलाच हवे होते आणि विचारले गेले. रुग्णालयाकडून सांगितलं गेलं की बरेच रुग्ण लांबून आणि शेवटच्या अवस्थेत आले होते. मला त्या वेळी प्रकर्षानं जाणवलं ते हे, की त्या बाळांच्या आधीच्या प्रवासाचा हिशेब एका जागी कुणाकडेच नव्हता. कुठल्या प्रसूतिगृहातून निघाली, तिथे किती वेळ गेला, गाडी कधी मिळाली, वाटेत ऑक्सिजन होता का. प्रत्येक रुग्णालय आपापल्या दारापासून मोजायला लागतं आणि दारापाशीच थांबतं.

‘डामा’चंही असंच आहे. डॉक्टरांचा सल्ला नसताना रुग्ण घरी नेला की त्याला आमच्याकडे डामा म्हणतात. मानकांमध्ये त्याचं प्रमाण मोजायला सांगितलं आहे, आणि ते कमी असावं ही अपेक्षा आहे. कारण मात्र रजिस्टरमध्ये एका शब्दात असतं, ‘स्वेच्छेने’. विदर्भात सोयाबीन काढणीच्या दिवसांत मी नातेवाइकांशी बोलले आहे. घरी दोन लेकरं एकटी असतात, मजुरी बुडत असते, बाहेरून आणायला सांगितलेल्या तपासणीला पैसे नसतात. यातलं काहीही स्वेच्छेनं नसतं.

खरं मोजण्याची हिंमत केली की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावोगावच्या बायकांना शिकवून प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवायला लावला. अठ्ठावीस दिवसांच्या आतली किती बाळं जातात, याचा आकडा आधी हातात आला. मग त्याच गावांतल्या आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. हजार जिवंत जन्मांमागे ६२ च्या आसपास असलेले नवजात मृत्यू २५ च्या आसपास आले. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे घरोघरची नवजात काळजी देशभर ‘आशा’ताईंच्या कामात आली. २००१ साली राज्यातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून बालमृत्यू मोजले तेव्हा सरकारी नोंदींपेक्षा ते कितीतरी जास्त निघाले. त्या आकड्यांनी सरकार अडचणीत आलं, विधिमंडळात प्रश्न आले, आणि शासनाला समिती नेमावी लागली. आकडा वाईट होता म्हणूनच कामाला सुरुवात झाली.

ऑडिटबद्दलही एक सांगायला हवं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ रुग्ण गेले. तपासणी करून अहवाल देणं हे एक काम आहे. त्यात लिहिलेल्या वायरिंगला, स्प्रिंकलरला, दुसऱ्या दरवाजाला पैसे मंजूर करणं हे दुसरं काम आहे, आणि ते दुसऱ्याच टेबलावर, वेगळ्या शहरात होतं. गुण देताना मी समोरच्या अधीक्षकांना ० देते. ज्या टेबलावर प्रस्ताव पडून आहे त्याला गुण द्यायची सोय चेकलिस्टमध्ये नाही.

रुग्णाशी बोलणं हा चौथा मार्ग मला सगळ्यात खरा वाटतो, जर नीट विचारलं तर. “सेवा कशी आहे?” असं विचारलं की खाटेवरची आजी हात जोडून म्हणते, “लई चांगलं हाय बाई, देवमाणसं हायत.” तिला उद्याही तिथेच राहायचं असतं. म्हणून मी वेगळं विचारते. काल रात्री तहान लागली तेव्हा पाणी कुणी दिलं? बाळ झाल्यावर ते दाखवायला कुणी पैसे मागितले का? डॉक्टर आले तेव्हा काय झालंय ते तुम्हाला सांगितलं की सुनेला? अशा प्रश्नांना माणसं अचूक उत्तर देतात, वेळेसकट. त्या उत्तरांतून जे कळतं ते कुठल्याच रजिस्टरमधून कळत नाही.

एकदा एका लहानशा ग्रामीण रुग्णालयात मात्र त्या बारीकशा वहीत चार नोंदी सापडल्या. दोन सुईच्या, एक रुग्ण खाटेवरून पडल्याची, एक चुकीच्या रुग्णाला देता देता थांबवलेल्या इंजेक्शनची. प्रत्येकीखाली काय केलं ते लिहिलेलं. सुयांचा पांढरा डबा ट्रॉलीवर आणला. ज्या खाटेला कठडा नव्हता ती बदलली. एकसारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या कुप्या वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या. इन्चार्ज सिस्टर जरा धास्तावलेल्या होत्या, म्हणाल्या, “मॅडम, गुण जातील का?” मी त्यांना पूर्ण गुण दिले. अधीक्षकांना बाजूला घेऊन एकच विचारलं, की या नोंदी वाचल्यावर तुम्ही काय म्हणालात? ते म्हणाले, “मी फक्त विचारलं, पुढे काय करायचं.” त्या रुग्णालयात आणि बाकीच्या ‘निरंक’ रुग्णालयांत जो फरक होता तो या एका उत्तरात होता. इमारत तितकीच जुनी होती आणि मनुष्यबळ तितकंच अपुरं.

आता माझी एक मागणी आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या दर्शनी भागात नागरिकांच्या सनदेचा फलक असतोच, आणि प्रत्येक ठिकाणी रुग्ण कल्याण समितीही असते. समितीनं ठराव करून सनदेच्या शेजारी दर महिन्याला मराठीत एक दुसरा फलक लावावा. किती रुग्ण पडले, किती जणांच्या शस्त्रक्रियेच्या जखमा चिघळल्या, किती कर्मचाऱ्यांना सुई टोचली, किती जण डामा झाले आणि खरं कारण काय, किती जणांना रेफर केलं, कुठे, आणि ते पोचले का. शेवटच्या रकान्यात, त्यावर काय केलं आणि कुठला प्रस्ताव किती दिवस कुणाकडे पडून आहे. जे रुग्णालय हे पहिल्यांदा करेल त्याचं नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाईट अर्थानं येईल, याची मला खात्री आहे. त्या दिवशी जिल्हा शल्यचिकित्सकांनी त्या अधीक्षकांना नोटीस काढू नये, आणि बातमीदारांनी शेजारच्या तालुक्यात जाऊन तिथला फलक का लागला नाही ते विचारावं.